आमची वाटचाल: ‘डिझाइन फ्री’च्या गावात

व्यापारी मित्रांच्या स्मरणिकेसाठी ‘आमची वाटचाल’ लिहून द्या, असा निरोप आला. यंदा कमर्शियल आर्टला, म्हणजे जाहिरात-छपाईच्या डिझाइनला, प्रवेश घेतलेली पोरंही वाचतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी टाका, असंही सांगितलं. टाकतो. पण दोन पानांतलं बरंचसं एका फ्लेक्सवाल्याला जाणार, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचं नाव घेणार नाही. गावाला माहीत आहे.

कोल्हापूरच्या कलानिकेतनमधून जी. डी. आर्ट हा शासनाचा कलेचा डिप्लोमा करून १९९१ मध्ये सांगलीत परत आलो आणि हरभट रोडला एका माडीवर डिझाइनचं टेबल टाकलं. सोबत पेंटरमामा. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. भिंती, दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांची फळकी हे मामांचं. छापायचं सगळं माझं. नफा निम्मा-निम्मा. कागदावर काही नाही.

तेव्हाची हत्यारं आजही माझ्या कपाटात आहेत. सरळ रेघांना टी-स्क्वेअर, वळणांना फ्रेंच कर्व्ह, रोट्रिंगचे शाईचे पेन, घासून अक्षरं उमटवायच्या लेट्रासेटचे अर्धवट संपलेले ताव. रोट्रिंगचा ०.१ चा पेन दोन दिवस न धुता ठेवला की मेला. मजकूर टाइपसेटिंगवाल्याकडून ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, यायचा, कॉलम कापून रबर सोल्युशननं चिकटवायचे. एखादी वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झालेली दिसली, तर पुन्हा ब्रोमाइड काढायला पैसे कुठं होते? वाया गेलेल्या ब्रोमाइडमधून नेमकी तेवढी वेलांटी कापायची, कटरच्या टोकावर उचलायची आणि जागी बसवायची. रंगीत काम असलं तरी आर्टवर्क काळं-पांढरंच. वर ट्रेसिंग पेपर लावून त्यावर पेन्सिलीनं रंगांचे टक्के लिहायचे: पिवळा १००, मॅजेंटा (गुलाबी-लाल) ३०. हळदीचा रंग आधी डोक्यात दिसायला लागायचा, कारण डोळ्यांना तो थेट छापून आल्यावरच दिसणार.

मामांची हत्यारं त्याहून कमी. गेरूची दोरी, तीन ब्रश, एनॅमलचे डबे. पण अक्षराबद्दल कॉलेजात जे शिकलो नाही ते मामांनी एका भिंतीसमोर शिकवलं. ते आधी शिरोरेघ मारायचे नाहीत. सगळा मजकूर वाचायचे, त्यातली सगळ्यात उंच जाणारी मात्रा आणि सगळ्यात खोल उतरणारा उकार शोधायचे, त्या दोघांना जागा ठेवून मग अक्षराची उंची ठरवायचे. आज स्क्रीनवर दोन ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, वरचा उकार खालच्या रफारात अडकलेला असतो, तेव्हा समजावं की ही ओळ इंग्रजीच्या मापानं टाकलीय.

१९९६-९७ ला संगणक घेतला, डिझाइनचं कोरलड्रॉ आलं, मराठी टायपिंगची श्रीलिपी आली. पुढची सहा-सात वर्षं काम भरपूर होतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००३-०४ च्या सुमारास आमच्याकडं रोट्रिंग धुवायला, बिलं पोचवायला असलेल्या एका पोरानं कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन आणलं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मशीन आणलं याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कुणीतरी आणणारच होतं. बाहेर पाटी मात्र लावली: ‘फ्लेक्स प्रिंटिंग. डिझाइन फ्री.’ त्या दोन शब्दांनी आमचं दुकान बुडवत आणलं.

सुरुवातीला फ्लेक्स स्क्वेअर फुटाला २५-३० रुपये होता. मशीनं वाढत गेली तसा तो दहा-बाराच्या खाली आला. पण भाव पडला ही खरी अडचण नव्हती. डिझाइनला वेगळे पैसे लागतात ही गोष्टच लोकांच्या डोक्यातून गेली. काल ज्या माणसानं लोगोचे ठरलेले पैसे वेळेवर दिले, तोच आज जिन्यातून वर येऊन विचारायचा, “तो तर फुकट करतोय, तुम्ही कशाचं घेताय?” गणपतीच्या एका हंगामात मामांच्या भिंती बंद पडल्या. मंडळांना वाढदिवसाचे फोटो हवे होते, आणि भिंतीवर फोटो येत नाही.

एका पतसंस्थेचं सगळं काम आमच्याकडं होतं: लोगो, अहवाल, दिनदर्शिका. अहवालाच्या छपाईसाठी म्हणून आम्ही सीडी दिली होती, ती या फ्लेक्सवाल्या महाशयांकडं पोचली. आमचा लोगो चौरस, पतसंस्थेचा बोर्ड लांबडा. महाशयांनी लोगो आडवा ताणला. ताणला म्हणजे अक्षरश: दोन्ही बाजूंना धरून ओढला, ‘स’चा पोटाकडचा भाग सुजला, उभ्या दांड्या जाड झाल्या, आडव्या बारीक राहिल्या. तो बोर्ड मुख्य रस्त्यावर होता. मी ऑफिसला जायची वाट बदलली. अध्यक्षांना भेटून सांगितलं, तर ते म्हणाले, “मोठा दिसतोय की!”

दोन वर्षांत महिन्याला ठरलेलं काम देणारी बहुतेक गिऱ्हाइकं गेली. स्कॅनरचा हप्ता थकला, भाडं थकलं. दोन पोरं सोडून गेली, त्यातलं एक त्याच्याकडंच. मामांनी तोंडातून शब्द काढला नाही. नंबरप्लेटी रंगवत बसले.

अशा वेळी आण्णा उभे राहिले. आण्णा भडंगवाले. त्यांचं पिवळं पाकीट आमचं, त्यावरची ‘भडंग’ ही अक्षरं मामांनी फ्लॅट ब्रशनं लिहिलेली आणि मी ट्रेस केलेली. आण्णांकडंही ‘फ्री’चा माणूस जाऊन आला होता. म्हणाला, “पाकिटं आमच्या ओळखीच्या पार्टीकडून छापा, डिझाइन आम्ही असंच देतो.” आण्णांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, “फुकटचं बिघडलं तर भांडायचं कुणाशी?” पाकिटाचं काम ज्यांनी केलंय त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. पाकिटं ग्रॅव्हूर पद्धतीनं छापतात, तिच्यात प्रत्येक रंगाला एक धातूचा सिलिंडर कोरावा लागतो. एक अक्षर चुकलं तरी तो सिलिंडर पुन्हा, आणि छापलेला रोल भंगारात. त्या आठवड्यात आण्णा माडी चढून वर आले, वर्षभराच्या कामाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि पावती न घेता खाली उतरले. मागून पोराला पळवून पावती पोचवली.

पुढं त्याच फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्या एका भडंगवाल्याला हुबेहूब आमच्यासारखं पाकीट करून दिलं. तोच पिवळा, मामांची तीच अक्षरं, नाव तेवढं वेगळं. तोवर आण्णांचा ट्रेडमार्क तिसाव्या वर्गात, म्हणजे खाण्याच्या मालात, नोंदलेला होता, आणि अक्षरांचे हक्क आम्ही त्यांना सही करून दिलेले होते. वकिलाची एक नोटीस गेली आणि ते पाकीट बाजारातून उठलं. मला वाटलं होतं बरं वाटेल. फार काही वाटलं नाही. मामांना ते पाकीट दाखवलं, त्यांनी ‘भ’ची गाठ बघितली आणि म्हणाले, “ब्रश धरायला येत नाही त्याला.”

मामा २०११ ला गेले. २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या जिन्यापर्यंत होतं, कागद वाचले. लोक पुराबद्दल विचारतात. पुरात सगळेच होते, त्यात आमचं वेगळं काय सांगायचं?

आता पोरांसाठी. मुंबईला जे. जे.ला जा, पुण्यात अभिनव कला महाविद्यालयाला जा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा द्या, कुठंही जा. पण कॉलेजातलं पहिलं वर्ष संपायच्या आत एक महिना ऑफसेट प्रेसवर उभे राहा. छापील रंग ज्यांचे बनतात ते ठिपके भिंगातून बघा. बारीक काळा मजकूर चार रंगांत फोडून पाठवला की अक्षराला लाल-निळी किनार का येते, हे मशीनमन शिव्या घालून सांगेल, आणि ते आयुष्यभर लक्षात राहील. कापायच्या रेघेपलीकडं तीन मिलिमीटर जादा रंग सोडा. कटिंगवाला देव नाही.

मराठी अक्षर शिका. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ पोर्टफोलिओंत सगळे लोगो इंग्रजी असतात, आणि राहणार कुठं, तर मिरज, तासगाव, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर). तिथं बेदाण्याच्या खोक्यावर काय इंग्रजी लिहिणार? अक्षरकार कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं लिहिली, ती नुसती बघितली तरी नाटक विनोदी की गंभीर ते कळायचं. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजच्या संगणकात कितीतरी वर्षं आधीपासून बसलेला यायचा, तो कुणी केला हे तरी माहीत असू द्या. आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडत जा. बऱ्याच फॉन्टांत ती निवडल्याशिवाय आपला ‘ल’ आणि ‘श’ येत नाही, हिंदीतला येतो. शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून हे दोन्ही आकार ठरवून दिले, तरी निम्म्या शहराच्या पाट्या अजून हिंदी ‘ल’ मिरवतात. एआयनं काढलेली पोस्टरंही आता दाखवायला आणतात. चित्र झकास, जोडाक्षर मोडलेलं. आणि किंमत काय, तर फ्री!

पैशाचं कुणी शिकवत नाही म्हणून मी सांगतो. कोटेशनमध्ये डिझाइनची ओळ वेगळी लिहा, छपाईची वेगळी. छपाईत सूट द्या हवी तर, डिझाइनच्या ओळीत शून्य कधी लिहू नका. किती दुरुस्त्या दरात बसतात ते आधीच लिहा. काम सुरू करायच्या आधी निम्मे पैसे. उद्यम नोंदणी करून ठेवा: २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानं लेखी करार असला तरी तुमचं बिल ४५ दिवसांपलीकडं लांबवता येत नाही, करार नसेल तर १५. पुढं चक्रवाढ व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. मी हे एका साखर कारखान्याच्या अकाउंटंटला सांगितलं तेव्हा तो हसला, पण चेक आला. हक्क द्यायचे तर लेखी, सही करून द्या; कॉपीराइट कायद्याला तोंडी चालत नाही. निवडणुकीचं पत्रक असेल तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापल्याशिवाय फाइल सोडू नका, उमेदवार कितीही जवळचा असो.

तो फ्लेक्सवाला अजून आहे. मशीनं तीन झाली, पाटी तीच आहे. मध्यंतरी त्याच्या मुलीनं अप्लाइडला, म्हणजे कमर्शियललाच, प्रवेश घेतला असं कळलं. आमचं काम बघायला, स्वतःचं दाखवायला पोरांनी यावं. तिला यायचं असेल तर तिनंही यावं, कुणाची मुलगी ते आम्ही विचारणार नाही. मात्र नवरात्र ते दिवाळी सोडून, शनिवारी चारनंतर. काम मोबाइलवर दाखवू नका, एफोर कागदावर छापून आणा. एक पान हातानं लिहिलेलं असावं, शाईनं, देवनागरीत.