कळतं, मग सुटत का नाही?

व्यसनमुक्तीचं काम करते म्हटल्यावर घरची मंडळी मला हटकून एकच विचारतात: "त्याला सगळं कळतं हो. शपथ घेतो, रडतो, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. मनावर घेतलं तर सुटणार नाही का?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याने मनावर घेतलेलं असतं. शपथ घेताना तो खोटंही बोलत नसतो. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलं, की एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ लागणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. व्यसन मुरलं की आवड तेवढीच राहते किंवा घटते, ओढ मात्र वाढत जाते. "आता मजाही येत नाही, पण राहवत नाही," हे मी दारू पिणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि जुगार खेळणाऱ्यांच्याही. त्यामुळे "त्यात एवढं काय मिळतं तुला?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तरच नसतं.

ही ओढ उगाच उठत नाही. ठरावीक वेळ, जागा, माणसं, मनःस्थिती तिला जागं करतात. सिगारेट सोडू पाहणाऱ्या एका गृहस्थांना मी आठवडाभर वही ठेवायला सांगितली. "टेन्शन आलं की ओढतो," असं ते म्हणायचे. वहीत बहुतेक नोंदी अशा होत्या: "जेवण झालं. गॅलरीत आलो." "फोन ठेवला." "कंटाळा." टेन्शन क्वचितच. मग जेवणानंतर गॅलरीत जायचंच नाही, तडक भांडी घासायला लागायचं, असं ठरलं. दिसायला किरकोळ, पण शपथेपेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

परिस्थितीचा जोर किती असतो, हे ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात दिसलं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. (जागा बदलली की सुटतंच, असा अर्थ मात्र कृपा करून काढू नका.)

ओढ कायम टिकत नाही. ती चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहायचं, बाहेर पडायचं. आणि पाय घसरलाच तर? "एक घेतलीच, आता काय उरलं," हा विचार त्या पहिल्या पेल्याहून घातक असतो. नेमकं तेव्हाच घरून "मला माहीतच होतं" ऐकू आलं, की पुढची बाटली उघडते. टोमण्याऐवजी एवढंच विचारा: त्याच्या आधी काय झालं होतं?

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. "आजपासून थेंबही नाही" असं तो म्हणाला, तर आधी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.