मकर, महिना तिसरा: पाय जमला, शेपूट बाकी

मंडळी, मेणावर ठसा उठवायच्या शिक्क्यासाठी कार्नेलियनवर (लालसर अकीक) उलटा कोरत असलेला मकर आता ओळखू यायला लागलाय! दगड खंबातचा, १४ बाय ११ मिमी, चित्र पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या चांदीच्या नाण्यावरून घेतलंय. मकर ही त्याने आपली रास म्हणून मिरवली, व्हिएन्नाच्या जेम्मा ऑगस्टिया या कोरीव रोमन रत्नामध्येही त्याच्या डोक्याशी चकतीत हाच मकर आहे. आपला मकर मगरीच्या वळणाचा, रोमनांचा पुढून बोकड आणि मागून मासा.

गेल्या वेळी पाय सपाट येतोय म्हणून रडत होतो ना, त्याचं कारण सापडलं. ठशात जे पुढे यायला हवं ते दगडात जास्त खोल जायला हवं, हे माहीत असतं पण हाताला कळत नाही, मी पाय आणि पोट एकाच खोलीला कोरून बसलो होतो. आता पोटाच्या खड्ड्याच्या तळातच पायाची आणखी खोल चर काढली, अर्ध्या मिमीच्या डायमंड बरने (हिऱ्याची पूड लावलेलं फिरतं टोक), सतत पाण्याखाली, आणि क्लेवर दाबल्यावर गुडघा असा टच्चकन वर आला की मी दहा वेळा दाबून बघितलं. रोमन कारागीर हेच काम तेल आणि कुरुंदाची पूड लावून, धनुष्याने फिरवायच्या गिरमिटाने करायचे. त्यांच्या हाताला मनापासून सलाम.

दुसरी अडचण मेणाची. क्लेमधून ठसा छान सुटतो पण मेण आयाळीत अडकून फाटायचं. रोमन लेखक प्लिनीने सार्डोनिक्सचं (लालसर-पांढऱ्या पट्ट्यांचा दगड) कौतुक करताना लिहिलंय की ठसा उठवताना मेण ओढून न नेणारं जवळपास हेच एक रत्न. ते वाचून आतल्या पॉलिशकडे लक्ष गेलं. टूथपिकचं टोक चपटं करून, डायमंड पेस्ट लावून तीन संध्याकाळी नुसती आयाळ घासली, आता मेण अख्खं सुटतं.

आणि एक सांगायचंच होतं, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्या भरभरून भडोचला जायचे असं आहे, तिथून पुढे जहाजाने पश्चिमेला. म्हणजे रोममधल्या कुणाच्या तरी अंगठीत आपल्या दख्खनचा दगड असणार, हे डोक्यात आलं की कोरताना हात आपोआप सावकाश चालतो.

शेपटीचा वेढा पुढच्या महिन्यात. त्यानंतर ऑगस्टसचा सल्लागार मेसेनस याचा बेडूक घेणार, त्याच्या शिक्क्यावर बेडूक होता आणि तो दिसला की लोकांना धडकी भरायची, कारण पत्र पैशांच्या वसुलीचं असायचं. त्यासाठी हिरवट जॅस्पर कुणाकडे असेल तर सांगा, भेगा नसलेला हवाय.