वारा रामेश्वरी, तयारी सातारी

ज्या दिवसांत वारा असतो, त्या दिवसांत आम्हाला रजा नसते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्यांचं वर्ष असंच चालतं. जून ते ऑगस्ट ढग पार जमिनीवर टेकलेले, ठोसेघरच्या रस्त्याला धबधबा बघायला आलेल्या गाड्यांची रांग, आणि आम्ही रेनकोट चढवून चक्कीच्या बुडाशी. वर्षाची खरी कमाई याच दिवसांत होते. एखादी चक्की थांबली की लगेच वरून फोन. तेल बदलणं, बोल्ट आवळणं, पाती तपासणं ही सावकाशीची कामं वारा पडल्यावर, दिवाळीनंतर. रजाही तेव्हाच.

अशा माणसांनी काइटसर्फिंगची सुट्टी ठरवायची म्हणजे पंचाईतच. पण साइटवरच्या माझ्या जोडीदारानं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली शर्यत मोबाइलवर बघितली. काइटचा प्रकार ऑलिंपिकमध्ये तेव्हा पहिल्यांदाच आला. शर्यती पॅरिसपासून लांब, मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. पाण्याला जेमतेम टेकून सुसाट जाणारी ती पोरं-पोरी बघून गडी म्हणाला, "भावा, आपण रोज वाऱ्याचंच खातोय. हे आपल्याला जमायलाच पाहिजे."

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस, हार्नेसच्या हुकात अडकवलेला बार, बारापासून निघालेले वीस ते चोवीस मीटरचे दोर आणि त्यांच्या टोकाला सात, नऊ, बारा चौरस मीटरची काइट. तिची पुढची कड पंपानं हवा भरून ताठ करतात, म्हणून पाण्यात पडली तरी ती बुडत नाही आणि परत उचलता येते. अशा हवा भरलेल्या काइटचं पेटंट फ्रान्समधल्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये घेतलं. तोवर पाण्यात पडलेला पतंग म्हणजे संपलेला खेळ होता.

आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आरं, पतंगच उडवायचाय ना? मग हितं माळावर वारं काय कमी हाय?"

वारं कमी नाही, पाणी नाही. कोकण आम्हाला जवळ, पण पावसाळ्यात तिथल्या समुद्रात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. गोव्यात मांद्रे-मोरजीकडे शिकवणारे आहेत, पण तिथला वारा मुख्यतः दुपारनंतरचा आणि हलका. व्हिएतनाममधलं मुई ने आणि श्रीलंकेतलं कल्पिटिया ही या खेळाची नावाजलेली गावं. दोन्हींचे फोटो बघून झाले आणि पासपोर्टपाशी गाडी अडली. मग जोडीदारानं तिसरं नाव काढलं, रामेश्वरम. ते ऐकल्यावर आईनं स्वयंपाकघरातूनच जाहीर केलं की ती येणार आहे आणि मावशीही येणार आहे. काशी-रामेश्वर म्हटल्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

आता वाऱ्याचं गणित. रामेश्वरला वाऱ्याचे दोन हंगाम. उन्हाळ्याच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा, तो जोरदार. दुसरा हिवाळ्यातला, ईशान्येचा, तुलनेनं मऊ. नैऋत्येचा म्हणजे आपलाच पावसाळी वारा, पण तिकडे पाऊस जवळपास नसतो. सातारकराला हे समजवावं लागत नाही. महाबळेश्वरात कोसळतो तेव्हा माण-खटावात नुसताच वारा येतो; रामनाथपुरम जिल्हा तसाच डोंगरापलीकडच्या पर्जन्यछायेत आहे. त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आमची रजा बघता उरला जानेवारी-फेब्रुवारी, आणि नवशिक्यांना तोच बरा.

वाऱ्याचा वेग ते लोक नॉटमध्ये मोजतात, आम्ही सेकंदाला मीटरमध्ये. बारा नॉट म्हणजे साधारण सहा मीटर, वीस म्हणजे दहा. शिकायला बारा ते अठरा नॉट सोयीचे. वेग दुप्पट झाला की काइटची ओढ चौपट होते, म्हणून वारा वाढला की काइट लहान घ्यायची. चक्कीत तर वेग दुप्पट झाल्यावर वाऱ्यातली ताकद आठपट होते. हे आम्ही नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. काइटवाल्यांच्या तक्त्यात तेच वेगळ्या कपड्यांत भेटलं.

नियोजनातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि वाऱ्याचा अंदाज फार तर आठवडाभराचा विश्वासाचा. त्यापुढचं ॲपवर दिसणारं सगळं रंगीत चित्र असतं. म्हणजे तिकीट काढताना वारा माहीत नसतो आणि वारा कळतो तेव्हा तिकीट मिळत नाही. यावर एकच तोडगा दिसला: हंगामाच्या मधोमध जायचं आणि शिकवणीच्या तासांपेक्षा दिवस जास्त ठेवायचे. सुरुवातीचा कोर्स साधारण आठ ते बारा तासांचा असतो. ते सलग दिवसांत बसवायचा हट्ट धरला की वारा पडलेल्या दिवशी किनाऱ्यावर बसून चिडचिड होते. आमच्याकडे मोकळे दिवस भरायला आई आणि मावशी होत्या, त्यामुळे तो प्रश्न उद्भवलाच नाही.

सामान विकत घेऊ नका, हे ठामपणे सांगतो. काइट, बार, बोर्ड, हार्नेस, हेल्मेट शाळेकडे मिळतं. आपण न्यायचं ते लांब बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट, शिंपल्यांपासून तळवे वाचवणारे पाण्यातले बूट, चष्मा असेल तर त्याला दोरी आणि भरपूर सनस्क्रीन. शाळा निवडताना पैशांआधी विचारायची गोष्ट म्हणजे सुटकेची बोट आहे का. बेटावर वारा ज्या बाजूनं येतो तिकडचं पाणी खवळलेलं असतं आणि आडोशाच्या बाजूचं सपाट. हिवाळ्यात वारा ईशान्येचा, म्हणून दक्षिणेकडची, मन्नारच्या आखाताची बाजू सपाट. नैऋत्य वाऱ्यात उत्तरेकडची पाल्कच्या उपसागराची. शिकायला सपाट पाणी उत्तम, पण आडोशाला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काही बिघडलं तर तो तुम्हाला किनाऱ्याला आणून सोडत नाही, आत घेऊन जातो. तिथून श्रीलंकेची हद्दही फार लांब नाही.

साताऱ्यात तयारी म्हणजे सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण, संध्याकाळी तलावात पोहणं आणि रविवारी उसनी आणलेली दोन चौरस मीटरची शिकाऊ काइट. ती आम्ही कोरेगावच्या बाजूला एका पडीक माळावर उडवायचो, तारांपासून आणि चक्क्यांपासून लांब. कासवर असले उद्योग करायचे नसतात, हे वेगळं सांगायला नको. एवढीशी काइट, पण झोताच्या मध्यात गेली की माणसाला गुडघ्यावर आणते. बघायला मेंढपाळ थांबायचे आणि मेंढ्या मात्र पुढे निघून जायच्या.

सातारहून मदुराईला थेट गाडी आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दादर-तिरुनेलवेली चालुक्य एक्सप्रेस आपल्या माहुलीच्या स्टेशनवर थांबते आणि मिरज, हुबळी करत खाली जाते. प्रवास लांबलचक. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मावशीचे आख्ख्या डब्याशी झालेले परिचय यांत तो निघून गेला. मदुराईला मीनाक्षीचं दर्शन घेऊन पुढे गाडी केली.

पांबनच्या पुलावर मात्र थांबलोच. शेजारी रेल्वेचे दोन पूल, १९१४ चा जुना आणि एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला गाळा जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. वारा असा की मावशीनं पदर खोचून कठडा धरला. मोडक्या हिंदीत ड्रायव्हर म्हणाला की हा काहीच नाही, आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये या. त्यांच्याकडे म्हण आहे, आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. मी ते आईला सांगितलं. तिनं क्षणभर विचार केला. "पाटा उडतोय, मग वरवंटा कुठं जातोय?" ड्रायव्हरला हे हिंदीत समजावता समजावता रामेश्वर आलं.

दिवसाची विभागणी आपोआप झाली. आम्ही होतो तेव्हा वारा ऊन चढल्यावरच भरायचा, त्यामुळे पहाट देवाची. पहाटेचं स्फटिकलिंगाचं दर्शन, अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळाच्या आतल्या बावीस तीर्थांचं पाणी बादलीबादलीनं डोक्यावर. नंतर ओले कपडे बदलून गाभाऱ्याकडे. पुजारी परंपरेनं महाराष्ट्रीय घराण्यांतले आहेत, हे आईला कुठूनतरी आधीच माहीत होतं. बाहेरच्या प्राकारातले खांब बाराशेच्या वर आहेत. त्यांतून चालताना जोडीदार मला कुजबुजत म्हणाला, "इथं वारा अजिबात नाही बघ." त्याचं लक्ष कुठं होतं ते यावरून कळावं.

पहिला अख्खा धडा वाळूतच. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि समोरच्या आकाशात घड्याळ कल्पायचं: डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. कडेकडेनं काइट शांत असते, मध्यात खाली आली की ओढते. त्यानंतर दोर पसरायचे, एकेक तपासायचा, आणि मग पुन्हा पुन्हा एकच कवायत, झटक्यात काइट सोडून देण्याची. शिकवणारा मुलगा स्थानिक होता, कोळ्याच्या घरातला. त्याचं इंग्रजी आमच्याइतकंच, त्यामुळे छान जमलं.

अडचण हाताची. घाबरलेला माणूस हातातलं घट्ट धरून स्वतःकडे ओढतो. इथे बार ओढला की काइट आणखी वारा धरते आणि तुम्ही आणखी जोरात जाता. घाबरल्यावर बार पुढे ढकलायचा. डोक्याला हे लगेच पटलं, कारण वारा जास्त झाल्यावर चक्कीचं पातंही स्वतःभोवती वळून वाऱ्याला कड देतं. त्याच भरवशावर आम्ही वादळात झोपतो. पण पात्याला ते संगणक सांगतो. माझ्या हाताला सांगणारं कोणी नव्हतं, आणि मी मन्नारच्या आखाताचं बरंच पाणी प्यायलो. फळी नसताना नुसतं काइटनं अंग पाण्यातून ओढून घ्यायचं, हा टप्पा मला मनापासून आवडला. लोक त्याला कंटाळतात, पण हरवलेल्या फळीपर्यंत पोहोचायचा तोच मार्ग आहे.

जोडीदार हलका आणि धीट. तो आधी उभा राहिला. मी उभा राहिलो तेव्हा काय झालं ते धड आठवत नाही. काइट दोनच्या बाजूला झेपावली, फळी पाण्यावर चढली, आवाज एकदम थांबला आणि मी किनाऱ्याला समांतर चाललो होतो. फार नव्हे, एखाद्या शेताच्या बांधाएवढं. पण वाऱ्यानं खाली नेलेलं अंतर परत वाऱ्याविरुद्ध वर येऊन भरून काढणं, ज्याला हे लोक खरं शिकणं म्हणतात, ते आम्हा दोघांनाही जमलेलं नाही. आम्ही प्रत्येक वेळी फळी काखेत मारून चालत परत यायचो.

वाटेत समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या बायका भेटायच्या. पलीकडे पाल्कच्या बाजूला बांबूच्या तराफ्यांवर शेवाळाची शेतीही होते. तराफे, जाळी, नांगरलेल्या होड्या कुठे आहेत हे रोज विचारून मगच काइट उचलायची. दोर त्यात अडकले तर नुकसान त्यांचं जास्त. पाण्यावर त्यांचं पोट आहे आणि आपली सुट्टी.

वारा पडला त्या दिवशी सगळे धनुष्कोडीला गेलो. १९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळात हे गाव गेलं, प्रवाशांनी भरलेली रेल्वेगाडीसुद्धा लाटेखाली गेली. चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वाऱ्याच्या गप्पा मारत आलेले आम्ही दोघं तिथं जरा गप्पच होतो. पुढे अरिचलमुनैच्या टोकाला रस्ता संपतो, तिथून श्रीलंका तीसेक किलोमीटर. डाव्या हाताला शांत आणि उजव्या हाताला खवळलेलं पाणी अशी तिथली ख्याती, पण हिवाळ्यात जाल तर उलटं दिसेल.

आईनं अग्नितीर्थावरची वाळू पुरचुंडीत बांधून आणली. ती काशीला नेऊन गंगेत सोडायची आणि तिथलं पाणी रामेश्वराला आणायचं, तेव्हा यात्रा पुरी होते. म्हणजे मला रामेश्वरला पुन्हा जावं लागणार, हे परतीच्या गाडीत हुबळी यायच्या आत ठरून गेलं. जोडीदाराला हे फार पसंत पडलं आहे. तो आत्तापासूनच जुलैसाठी कुणाची तरी पाळी बदलून घ्यायच्या खटपटीत आहे, आणि मावशीनं विचारलंय की काशीहून रामेश्वरला थेट गाडी कोणत्या वारी असते.