शिकागोतली ब्लूजची रात्र : रोझाज लाउंजला जाणार असाल तर

कामानिमित्त किंवा नातेवाइकांकडे शिकागोला जाणारे आपले बरेच लोक नदीतली बोटसफर, मिलेनियम पार्क आणि डेव्हन अव्हेन्यूवरचं जेवण एवढं करून परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की एक रात्र ब्लूजसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेल्या संगीतासाठी, राखून ठेवा. तीही मोठ्या नावाच्या हॉलमध्ये नको, वस्तीतल्या छोट्या क्लबात घालवा.

शांबर्ग या उपनगरात राहणाऱ्या आतेभावाबरोबर मी शुक्रवारी रोझाज लाउंजला गेले. आर्मिटेज अव्हेन्यू आणि किंबॉल यांच्या कोपऱ्याजवळ, आजूबाजूला साधी राहती घरं. मिलानहून ब्लूजच्या ओढीने आलेल्या टोनी मांज्युलो या ड्रमरने १९८४ साली हा क्लब सुरू केला. नाव त्याच्या आईचं, रोझाचं. तीही मुलाच्या मागोमाग शिकागोला आली आणि क्लब चालवायला उभी राहिली. आत लांबट खोली, एका बाजूला बार, छोटी टेबलं आणि अगदी हाताच्या अंतरावर मंच.

"ताई, पुढेच बस. मागे बसलीस तर नुसता आवाज ऐकू येईल, वाजवणं दिसणार नाही," भाऊ म्हणाला. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

बँडमधला हार्मोनिकावाला (हार्मोनिका म्हणजे आपला माउथ ऑर्गन) माझ्यापासून जेमतेम दोन खुर्च्यांच्या अंतरावर उभा होता. हार्मोनिका आणि माइक दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरून तो फुंकत होता. ओंजळ मिटली की आवाज जाड, घोगरा. बोटं जरा उघडली की तोच सूर रडल्यासारखा बाहेर यायचा. दम घ्यायलाही तो थांबत नव्हता, कारण श्वास आत ओढतानाही सूर निघतात आणि ब्लूजची खरी करामत त्या आत ओढलेल्या सुरांतच असते. रेकॉर्डिंगवर इतकी वर्षं ऐकूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ब्लूजची नेहमीची रचना बारा बारची. इथे बार म्हणजे तालाचा एक खंड, प्रत्येक बार चार मात्रांचा. म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, आणि आपल्याकडे तबल्याबरोबर समेची वाट पाहायची सवय असलेल्या कानाला ते दोन-तीन फेऱ्यांत सापडतं. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत उत्तर देतो. प्रत्येक ओळ चार बारची, पण शब्द साधारण दोन बारमध्ये संपतात. उरलेली जागा गिटारची किंवा हार्मोनिकाची. त्या रिकाम्या जागेकडे कान लावा. तिथे वादक गायकाला जबाब देतो, कधी धीर देतो, कधी टोमणा मारतो. समोरचे श्रोतेही मध्येच "खरंय, सांग सांग!" अशा अर्थाचं काहीतरी ओरडतात. तेही गाण्याचाच भाग आहे, दचकू नका.

हे संगीत इथे आलं ते मिसिसिपीतून आगगाडीने. दक्षिणेतला गोऱ्यांचा जाच आणि कापसाची शेतं सोडून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे आली. ब्लूजचा नामवंत गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून शिकागोत उतरला. गर्दीच्या, गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून ती विजेवर गेली, आणि शिकागोचा तो भरदार, धारदार आवाज घडला. मडी वॉटर्सपुढे कुणी खुर्च्या मांडून शांत बसलेलं नव्हतं. म्हणूनच मला छोटा क्लब महत्त्वाचा वाटतो : हे संगीत अशाच खोल्यांसाठी, अशाच गर्दीसमोर तयार झालं.

दुसरा सेट होईपर्यंत अजिबात उठू नका. पहिल्या सेटमध्ये बँड नीटनेटका वाजवत होता. मध्यंतरानंतर बारपाशी बसलेले एक वयस्कर गिटारवादक मंचावर आले, ड्रमरला मानेनेच लय सांगितली आणि संथ ब्लूज धरला. एकेक सूर ओढून, ताणून, मध्ये मोठ्ठी जागा सोडून. पूर्ण खोली त्या एका माणसाच्या बोटांकडे बघत होती. आमच्या शेजारची बरीच मंडळी तोवर घरी गेली होती. मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

आता व्यवहाराचं. वय २१ पूर्ण हवं आणि दारावर ओळखपत्र बघतात, त्यामुळे भारतातून गेलेल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. प्रवेशशुल्क वाराप्रमाणे आणि कलाकाराप्रमाणे बदलतं. वेबसाइटवर त्या दिवसाचा कार्यक्रम बघून तिकीट आधीच काढलेलं बरं. जेवूनच जा, शाकाहारी असाल तर नक्कीच. दारू घेत नसाल तर सोडा मागा, कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही, पण प्रत्येक पेयामागे एक-दोन डॉलर टिप ठेवायची. बँडसाठी वेगळी बरणी फिरते किंवा मंचाजवळ असते, त्यासाठी सुट्ट्या नोटा हव्यातच. या वादकांचं पोट बऱ्याच अंशी त्यावर चालतं, तिथे हात आखडू नका. कान नाजूक असतील तर इअरप्लग घ्या. धुराची काळजी नको, इलिनॉयमध्ये २००८ पासून बारच्या आत धूम्रपान बंद आहे.

जाताना ब्लू लाइन या मेट्रोने बेलमाँट स्टेशनला उतरून किंबॉलवरची ८२ नंबरची बस घेता येते. ब्लू लाइन रात्रभर चालते, पण परतताना स्टेशनपर्यंत चालत जाण्यापेक्षा सरळ कॅब बोलवा. हिवाळ्यात तर दुसरा विचारच नको.

मुक्काम जानेवारीत असेल तर साउथ वॉबॅश रस्त्यावरच्या, ब्लूज गिटारवादक बडी गायच्या लेजेंड्स या क्लबचं वेळापत्रकही बघा. त्या महिन्यात तो वर्षानुवर्षं स्वतः आपल्या क्लबात वाजवत आला आहे. मुंबईत मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात ज्यांनी त्याला ऐकलंय, त्यांना जास्त सांगायला नको. त्याची तिकिटं मात्र फार लवकर संपतात. जूनमध्ये जाणार असाल तर मिलेनियम पार्कातला शिकागो ब्लूज फेस्टिव्हल फुकट आहे : दिवसा तिथे ऐका आणि रात्री आर्मिटेजला या.