साठ हर्ट्झचा देश

दम्मामला आल्यावर आईने फोनवर पहिलं विचारलं, "म्हणजे तू आता डॉक्टरांच्या हाताखाली का रे?" म्हटलं, "नाही गं, डॉक्टरांच्या मशिनींच्या हाताखाली." तिचं काही समाधान झालं नाही. शेजारीपाजारी ती अजून 'आमचा सौदीला मोठ्या दवाखान्यात आहे' एवढंच सांगते आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडते.

काम बायोमेडिकल टेक्निशियनचं. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, शिरेतून औषध मोजून सोडणारे इन्फ्युजन पंप, बाळांचे इन्क्युबेटर. बिघडलेलं तळघरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येतं. जे हलत नाही त्याच्याकडे आम्ही जातो. बाहेर 45 अंशाच्या वर ऊन असलं तरी आत स्वेटर घालून बसतो.

आधी सहा वर्षं मिरजेत हेच केलं. मिरज दवाखान्यांचं गाव, कामाला तोटा नाही. तिकडे पॉवर सप्लाय गेला की बोर्ड उघडायचा, फुगलेला कपॅसिटर शोधायचा, दुकानातून नवा आणून सोल्डर करायचा. मशीन चालू झालं की डॉक्टर खूश, आपण चहाला मोकळे. इथे अख्खा बोर्डच बदलतात. मग टेस्टिंग, मग फॉर्म, मग स्टिकर. सुरुवातीला वाटायचं, कारागिराचा कारकून केला आपला.

पहिल्याच महिन्यात एका पंपाच्या दाराची कडी तुटलेली आली. सुटा भाग यायला तीन आठवडे. मी मिरजेच्या सवयीने अरल्डाइट लावून कडी बसवली. दार लागलं, पंप सुरू झाला, अलार्म नाही. आमचे सीनियर केरळचे, त्यांना सगळे चेट्टा म्हणतात. ते काही बोलले नाहीत. सलाइनची बाटली टांगली, नळी पंपात बसवली, ताशी 5 मिलीचा वेग लावला आणि खाली मोजपात्र ठेवलं. ठिबकत होतं. मग त्यांनी अंगठ्याने दार जरासं बाहेर ओढलं. माझी कडी केसभर सरकली, आणि ठिबकायचं थांबून धारच लागली. पडद्यावर अजून 5 मिलीच. दार बंद आहे असं सेन्सरला वाटत होतं, पण नळी दाबून धरणारी पट्टी तेवढ्यात सैल पडली होती. "आत सलाइनच असेल असं कुणी सांगितलं?" चेट्टांनी हिंदीत विचारलं आणि पंप बाजूच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्या दिवसापासून फॉर्मवर कुरकुर केलेली नाही. बरं, त्या फॉर्ममागे आकडेही आहेत. थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागातून गळणारा करंट नेहमीच्या स्थितीत 10 मायक्रोअँपियरच्या आत हवा. इतका बारीक करंट हाताला मुंग्यासुद्धा आणत नाही. असा भाग ओळखायला मशीनवर चौकोनात छोटं हृदय छापलेलं असतं. मिरजेत मी ते चिन्ह रोज पाहायचो आणि कंपनीची नक्षी समजायचो. आता सांगायला लाज वाटते.

दुसरी फजिती ईसीजीची. एक मशीन दुरुस्त करून, सेटिंग कारखान्यातल्यासारखी करून वॉर्डात पाठवलं. तासाभरात परत. "ब्रदर, लाइनला केस आलेत," सिस्टर म्हणाली. खरंच, सगळ्या पट्टीवर दाट लव. केबल बदलली, इलेक्ट्रोड बदलले, अर्थिंग तपासलं, पलंग भिंतीपासून लांब घेतला. अर्धा दिवस गेला. शेवटी मेनूत विजेची ही लव गाळणारा फिल्टर पाहिला: 50 हर्ट्झ. भारतात वीज 50 हर्ट्झची, सौदीत 60 ची. रीसेट केल्यावर मशीन 50 वर गेलं होतं, आणि माझ्या डोक्यातही 50 च बसलेले, म्हणून ते डोळ्यांना खटकलंच नाही. बटण दाबलं, केस गळाले. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या पोरांना मी आधी हेच सांगतो, पगाराचं नंतर.

बाकी बऱ्याच तक्रारींत मशीन धडधाकट असतं. गेल्या आठवड्यात रात्री वरून फोन, ऑक्सिजनचं रीडिंग येत नाही, दुसरा सेन्सर लावला तरी तेच. गेलो. आपल्या बोटावर क्लिप लावली तर 98. पेशंट तरुण मुलगी, नुकतंच लग्न झालेलं, हात कोपरापर्यंत रंगलेले आणि बोटांची टोकं काळ्या मेंदीने पार बुडवलेली. सेन्सर लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून आरपार पाठवतो. काळ्या मेंदीने तो अडतो. नेहमीच्या लाल मेंदीने सहसा एवढं होत नाही. कानाच्या पाळीला लावायची क्लिप आणून दिली, आकडा आला. मुलीची आई "शुक्रन, या मुहंदिस" म्हणाली. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. माझा डिप्लोमा आहे हे तिला कुठे सांगत बसू?

खाली येऊन फॉर्म भरला. 'बदललेला भाग' या रकान्यात काय लिहायचं कळेना. शेवटी लिहिलं, 'बोट'. चेट्टांनी चष्मा वर करून वाचलं आणि सही केली.