परसबागेची नोंद, ऑक्टोबर: थंडीआधीची लावणी

मंडळी, पानं पिवळी पडली की इकडे जो तो खुरपी-फावडी गॅरेजात टाकायच्या मागे लागतो. मला विचाराल तर न्यू जर्सीत नेटिव्ह, म्हणजे मूळची इथलीच, रोपं लावायला हेच दिवस. हवा गार, म्हणून पानांतून पाणी कमी उडतं. माती मात्र अजून उबदार असते आणि ती गोठेपर्यंत मुळं पसरत राहतात. शिवाय नर्सऱ्या उरलासुरला माल स्वस्तात काढतात, तेही आहेच.

यंदा कुंपणालगत न्यू इंग्लंड ॲस्टर, लिटल ब्लूस्टेम गवत आणि माउंटन मिंट लावलं. मिंट मुद्दाम पुढच्या रांगेत, कारण उग्र वासामुळे हरणं सहसा तिला तोंड लावत नाहीत. ॲस्टरचे शेंडे मात्र त्यांनी पहिल्याच रात्री फस्त केले, त्यामुळे तो सध्या जाळीच्या पिंजऱ्यात. आमची माती तांबूस, चिकण. खड्ड्यात कंपोस्ट घातलं नाही; जन्मभर याच मातीत राहायचं, तर लाड कशाला?

खरी मजा मिल्कवीडची. शेंग उकलली की आत तपकिरी, चपट्या बिया खवल्यांसारख्या रचलेल्या, प्रत्येकीला रेशमी झुबका. आपल्या रुईचीच ही भावकी. म्हातारी उडायच्या आत झुबक्यांचं टोक चिमटीत घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने बिया ओरबाडायच्या. रेशीम हातात राहतं, बी वाटीत.

हे बी ओल्या थंडीत राहिल्याशिवाय नीट रुजत नाही. ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण आमच्या फ्रिजात इडलीच्या पिठालाच जागा नसते. त्यापेक्षा दुधाचा रिकामा, गॅलनभर मावणारा प्लास्टिकचा कॅन बरा. आडवा कापा, बुडाला भोकं पाडा, चार इंच ओली माती भरा, बी जेमतेम झाकेल इतकं दाबा, टेप लावा आणि झाकण काढून डिसेंबरात बाहेर ठेवून द्या. पुढचं हिवाळा बघतो.

समोरच्या काकांचा गोल्डनरॉडवर, म्हणजे पिवळ्या तुऱ्यांच्या रानफुलावर, राग आहे, शिंका येतात म्हणून. गोल्डनरॉडचे पराग जड, चिकट. ते कीटकच वाहून नेतात. शिंकांचा धनी रॅगवीड नावाचं तण, जे त्याच सुमारास गुपचूप फुलतो. काकांना पटलेलं नाही.

गळलेली पानं पिशव्यांत न भरता वाफ्यांवरच पसरली आहेत, काजव्यांच्या अळ्यांना आडोसा म्हणून. वाळलेले दांडेही वसंतापर्यंत उभेच.

आता स्पाइसबुश हे इथलं रानझुडूप हवंय. त्याचं नर-मादी झाड वेगळं आणि फुलल्याशिवाय कळत नाही. कुणाकडे फळ धरलेली मादी असेल तर कळवा, बियांच्या बदल्यात मिल्कवीड देईन.