सहाचा पाढा

तक्रार कागदावर साधी होती. दिवाणखान्यातल्या टीव्हीवरचं चित्र मध्येच गोठतं, चौकोन चौकोन दिसतात, दोन-चार सेकंदांनी सगळं सुरळीत. किती वेळा होतं? सांगता येत नाही. केव्हा होतं? तेही नाही. घरी गेलेल्या तंत्रज्ञांनी सेट-टॉप बॉक्स बदलून पाहिला, राउटर बदलला, स्प्लिटर (एक तार अनेक खोल्यांना वाटणारे जोड) नवे टाकले, कनेक्टर कापून पुन्हा क्रिम्प केले. काडीचाही फरक नाही. अशी घरं मोजकीच होती, पण अमेरिकेतल्या ज्या केबल ऑपरेटरची होती तो आमचा मोठा ग्राहक, आणि बॉक्समधली नेटवर्कची चिप आमची. तक्रार फिरत फिरत माझ्या टेबलावर आली.

हे २०१२ सालचं. मी सेमीकंडक्टर कंपनीत सिस्टिम व्हॅलिडेशनला होते. फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, आमची नव्हती. डिझाइन आम्ही करायचो, सिलिकॉन दुसरीकडे तयार होऊन यायचं. उत्पादनं दोन प्रकारची. एक, घरातल्या कोॲक्स केबलवरून (टीव्हीच्या नेहमीच्या गोल तारेवरून) नेटवर्क चालवणारी ‘मोका’ची चिप. दुसरी, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्ससाठी ट्यूनर, म्हणजे तारेतून हवा तो चॅनल निवडणारी चिप. ट्यूनरची टीम मुळात आमची नव्हतीच. एक छोटी कंपनी विकत घेतली तिच्याबरोबर आली. या धंद्यात हे नेहमीचंच. एनएक्सपीचा सेट-टॉप बॉक्सचा विभाग २०१० मध्ये ट्रायडंटकडे गेला, ट्रायडंटचं दिवाळं निघाल्यावर २०१२ मध्ये एन्ट्रॉपिककडे, आणि २०१५ मध्ये खुद्द एन्ट्रॉपिकच मॅक्सलिनिअरच्या पोटात गेली. तिथल्या इंजिनिअरांनी जागचं न हलता किती व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली असतील! (आमची कंपनी यांपैकी कुठलीच नव्हे.)

आमच्याकडेही विकत घेणं कागदोपत्री पूर्ण झालं होतं, बाकी काही नाही. ट्यूनरवाल्यांची लॅब मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही सिग्नलची पातळी डीबीएममध्ये (मिलिवॅटच्या हिशोबात) सांगायचो, ते केबलच्या जगातले म्हणून डीबीएमव्हीमध्ये (मिलिव्होल्टच्या). ७५ ओहमला दोन्हींत ४८.७५ चा फरक पडतो, त्यामुळे एकत्र बैठकीत पहिली दहा मिनिटं वजाबाकीतच जायची. मग बैठका कमी झाल्या.

मोकाबद्दल थोडं सांगायला हवं. २००४ साली काही कंपन्यांनी मिळून ही युती उभी केली. उत्तर अमेरिकेतल्या असंख्य घरांत केबल टीव्हीसाठी खोल्याखोल्यांतून कोॲक्स आधीच पसरलेली असते. टीव्हीचे सिग्नल त्या तारेत तेव्हा ८६० मेगाहर्ट्झला, फार तर १००२ ला संपायचे. त्याच्या वरची जागा मोकळी. आमच्या वेळच्या मोका १.१ मध्ये ११२५ च्या वरचा पट्टा वापरायचा, त्यात ५० मेगाहर्ट्झचा एक चॅनल घ्यायचा आणि त्यावर घरचं नेटवर्क चालवायचं. नवी तार नको, भिंत फोडायला नको.

यातली मला कायम आवडत आलेली गोष्ट म्हणजे स्प्लिटर. स्प्लिटरचं काम बाहेरून आलेला सिग्नल खोल्यांना वाटायचा. खोल्यांकडची दोन तोंडं एकमेकांशी बोलू नयेत म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. आणि आमच्या चिपला नेमकं तेच करायचं असतं: एका खोलीच्या तोंडातून शिरून दुसऱ्या खोलीच्या तोंडातून बाहेर पडायचं. वाटेत ५० डेसिबल गेले, म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा लाखावा हिस्सा पोचला, तरी चिपने तक्रार करायची नाही. घराच्या प्रवेशाशी मोकाचा फिल्टर बसवतात तो शेजाऱ्याकडे सिग्नल जाऊ नये म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या फिल्टरवर आपटून सिग्नल मागे फिरतो आणि पुन्हा खोल्यांकडे येतो, त्यामुळे आतली जोडणी उलट सुधारते. हे पहिल्यांदा मोजून पाहिलं की नव्या माणसाला आपलं मीटर बिघडलंय असं वाटतं.

तर, ऑपरेटरकडून लॉग मागवले. मोकामध्ये दर दोन बॉक्समधली वाट ठराविक काळाने तपासली जाते. पाठवणारा ओळखीचा नमुना पाठवतो, घेणारा तो ऐकून ठरवतो की ५० मेगाहर्ट्झमधल्या कुठल्या कॅरियरवर (चॅनलच्या कुठल्या बारीक पट्टीवर) किती बिट लादायचे. २५६ पैकी २२४ कॅरियर डेटा वाहतात, प्रत्येकावर १ ते ८ बिट. याला आम्ही बिटलोडिंग म्हणायचो. आलेखावर ते फणीसारखं दिसतं, आणि कुठे गडबड असली की तिथले दात तुटलेले.

राउटरकडून दिवाणखान्याकडे येणाऱ्या वाटेचा आलेख काढला. खाच होती. आजूबाजूच्या कॅरियरवर पाच-सहा बिट, आणि मध्ये आठ-दहा कॅरियर जवळपास रिकामे. खाच असणं यात नवल काही नाही. एखादा अरुंद सिग्नल बाहेरून आत शिरतो, चिप तेवढे कॅरियर सोडून देते, वेगात किरकोळ घट होते, टीव्ही बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठीच तर बिटलोडिंग आहे.

पण पुढच्या तासाचा आलेख काढला तर खाच दुसरीकडे. तासन्‌तास एका जागी बसायची आणि मग उडी मारायची. उडीची वेळ आणि चित्र गोठल्याची वेळ जुळत होती. मग गोठणं का, तेही स्पष्ट झालं. खाच जागेवर असेपर्यंत चिपला ती माहीत असते. ती उडाली की नव्या जागेवरच्या कॅरियरवर जुन्या हिशोबाने पाच-सहा बिट लादलेलेच राहतात, पुढची तपासणी होईपर्यंत. तोवर पॅकेट खराब होतात. व्हिडिओ यूडीपीवरून जात होता, म्हणजे हरवलेलं पुन्हा कोणी मागत नाही.

उडतंय काय, हा प्रश्न राहिला. तापमानाने सरकणारा ऑसिलेटर (ठराविक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करणारा भाग) असता तर खाच हळूहळू सरकली असती. मोबाइलचा टॉवर असता तर एवढी अरुंद नसती. मायक्रोवेव्ह ओव्हनचं नाव बैठकीत कोणीतरी घेतलंच. ते २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंधळ घालतं, आमचं नेटवर्क १४०० मेगाहर्ट्झवर. पण प्रत्येक तक्रारीच्या बैठकीत मायक्रोवेव्हचं नाव निघतंच, निघू द्यावं.

मी खाचेच्या मध्यावरच्या कॅरियरचे आकडे एका कागदावर लिहिले. ८७, ११८, १७९, १४८, ८७, १७९. उड्या काढल्या: ३१, ६१, ३१, ६१, ९२. यात काहीतरी आहे हे दिसत होतं, काय ते दिसत नव्हतं. ३१ ही मूळ संख्या, ६१ ही पण. आमच्या चिपमधल्या कुठल्याच घड्याळाशी, कुठल्याच भागाकाराशी त्या जमेनात.

कागद घेऊन मी मजल्याच्या दुसऱ्या टोकाला गेले ते खरं तर दुसऱ्याच कामाला. त्यांच्याकडचा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) आमच्यापेक्षा बरा होता. तिथे ट्यूनरच्या टीममधले सर्वांत जुने गृहस्थ सोल्डरिंग करत बसले होते. हातातल्या कागदावर नजर टाकून म्हणाले, “हे काय?”

“कॅरियरचे नंबर आहेत, सर. खाच इतके कॅरियर उडते.”

“तुमचे कॅरियर मला काय कळणार! मेगाहर्ट्झमध्ये सांग.”

एका कॅरियरची रुंदी ५० भागिले २५६, म्हणजे ०.१९५३ मेगाहर्ट्झ. मी फोनवर गुणाकार करून सांगत गेले. ३१ चे ६.०५. ६१ चे ११.९. ९२ चे १७.९७.

त्यांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडला ठेवलं. “अगं, सहाचा पाढा म्हणतेयस की तू! सहा, बारा, अठरा. टीव्हीचा चॅनल केवढा असतो तिकडे?”

सहा मेगाहर्ट्झचा.

“कोणीतरी रिमोट दाबतंय,” ते म्हणाले.

पुढचं त्यांनी समोरच्या पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं. जुन्या पिढीतले काही टीव्ही ट्यूनर दोनदा फ्रिक्वेन्सी बदलतात. आधी हवा तो चॅनल वर उचलतात, साधारण १.१ ते १.२ गिगाहर्ट्झच्या एका ठरलेल्या जागी, आणि तिथून खाली आणतात. वर उचलायला आत एक ऑसिलेटर लागतो, आणि त्याची फ्रिक्वेन्सी म्हणजे चॅनल अधिक ती ठरलेली जागा. चॅनल बदलला की ऑसिलेटर तेवढाच सरकतो. यातला थोडासा अंश इनपुटच्या तोंडातून मागे, केबलमध्ये, निसटतो. अमेरिकेतल्या एफसीसीच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत रिसीव्हरच्या अँटेना टर्मिनलला २ नॅनोवॅटची मुभा आहे. २ नॅनोवॅट म्हणजे उणे ५७ डीबीएम. लांबच्या वाटेवर आमच्या एकेका कॅरियरला यापेक्षा कितीतरी कमी शक्ती मिळते. म्हणजे टीव्ही कायद्यात बसूनही आमचा खेळ बिघडवू शकत होता.

त्यांनी ठरलेली जागा १२१५ धरली. तिकडच्या ७ नंबरच्या चॅनलचा मध्य १७७ मेगाहर्ट्झ. बेरीज १३९२. आमचं नेटवर्क १३७५ पासून सुरू, म्हणजे १७ मेगाहर्ट्झ आत, म्हणजे ८७ वा कॅरियर. मी कागद पाहिला. ८७.

खरं सांगायचं तर मला आनंदाआधी राग आला. आमच्या टूलमध्ये प्रत्येक घराच्या जोडणीचं सुरेख चित्र निघायचं: कुठला बॉक्स कुठे, कोण नेटवर्कचा कोऑर्डिनेटर, कोणाकडून कोणाला किती वेग. त्या चित्रात हा टीव्ही नव्हताच. त्याला मॅक ॲड्रेस नाही, आयपी नाही, आमची चिप नाही. लॅबमधल्या आमच्या नमुना घरातही नव्हता, कारण तिथे आम्ही फक्त आमचे बॉक्स जोडलेले.

दुपारनंतर ऑपरेटरच्या तंत्रज्ञाला त्यांपैकी एका घरी फोनवर धरलं. “तारेला थेट लावलेला, बॉक्स नसलेला एखादा जुना टीव्ही आहे का घरात?” तो म्हणाला, आहे, स्वयंपाकघरात, छोटासा, पण त्याबद्दल तक्रार नाही, तो मस्त चालतो. तोच हवा होता मला. मी इथून त्या घरच्या राउटरवर रिमोट लॉगिन केलं, दर वेळी हाताने तपासणी मागवायची सोय केली, आणि म्हटलं, सात लावा.

खाच ८७ वर.

“आठ.” तपासणी मागवली. ११८. “दहा.” १७९. “नऊ.” १४८. ट्यूनरवाले सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून दर वेळी आकडा आधीच सांगत होते आणि बरोबर येत होता. “आता बारा लावायला सांग, खाच गायब होईल,” ते म्हणाले. १२ चा मध्य २०७, बेरीज १४२२, पट्ट्याच्या अगदी कडेला. डेटा वाहणारे कॅरियर तिथे संपलेले असतात. बारा लावला. फणी पूर्ण. तिकडे तंत्रज्ञ विचारत होता की तुम्ही नेमकं काय बघताय. मी त्याला स्वयंपाकघरातल्या टीव्हीच्या मागची केबल काढायला सांगितली आणि दिवाणखान्यातल्या चित्राकडे लक्ष ठेवायला. मग घरमालकांना आवडतील तितके चॅनल आम्ही त्या केबल काढलेल्या टीव्हीवर बदलले. दिवाणखान्यात एकदाही अडकलं नाही.

उपाय दोन. पहिला हातचा: अशा टीव्हीच्या मागे एक फिल्टर, जो १००२ पर्यंतचं जाऊ देतो आणि वरचं अडवतो. प्रवेशाशी लावतात तोच, फक्त इथे आतल्या टीव्हीला. ऑपरेटरला तो पसंत पडला नाही, कारण दर घरी माणूस पाठवायला लागतो आणि माणूस पाठवणं फिल्टरपेक्षा महाग. दुसरा फर्मवेअरचा, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरचा: एखाद्या वाटेवर पॅकेट अचानक खराब व्हायला लागली की ठरलेल्या वेळेची वाट न बघता लगेच तपासणी मागवायची, आणि तोवर सगळ्या कॅरियरवरचा भार थोडा उतरवायचा. गोठणं पूर्ण गेलं नाही. काही सेकंदांचं एखाद्या क्षणावर आलं आणि बहुतेक बघणाऱ्यांच्या लक्षात येणं थांबलं. पुढच्या आवृत्तीच्या यादीत ते ‘बदलत्या व्यत्ययाला जलद प्रतिसाद’ अशा भारदस्त नावाने गेलं. स्वयंपाकघराचा उल्लेख कुठेही नाही.

लॅबमध्ये आम्ही तशाच जातीचे काही जुने टीव्ही आणून नमुना घराला जोडले आणि एक स्क्रिप्ट लिहिली जी रात्रभर त्यांचे चॅनल बदलत राहते. मॅनेजरने खरेदीच्या अर्जावर ‘कशासाठी?’ असं लिहून परत पाठवला होता. त्यावर पाकिटाची झेरॉक्स लावली.

सर मात्र या सगळ्यात स्वतःच्या नव्या चिपवर खूश होते. ती तारेतला सगळा पट्टा एकदम पकडून थेट आकड्यांत बदलणारी. चॅनल नंतर गणिताने निवडायचा. “आमच्या नव्या ट्यूनरमध्ये फिरणारा ऑसिलेटरच नाही, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही,” असं त्यांनी पुढच्या एकत्र बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, डीबीएमव्हीमध्ये. मी दुसऱ्या दिवशी त्यांचा बोर्ड मागून घेतला आणि इनपुटचं तोंड ॲनालायझरला लावलं. सॅम्पलिंगच्या घड्याळाच्या बरोबर निम्म्यावर एक बारीक स्पर, म्हणजे नको असलेला सिग्नल, बाहेर येत होता, आणि तो आमच्याच पट्ट्यात पडत होता. चॅनल बदलून पाहिले, चिप गरम करून पाहिली. जागचा हलला नाही. मग मीही काही बोलले नाही.